पड आणि पडीक

बाळा, तू एक कर. डोळे मिटू नकोस, मिटले की झोप येते. उघडेच ठेव आणि मनात एक टेकडी आण. फार उंच नको, जेवणाआधी चढून उतरता येईल एवढीच. तिच्या उतारावर शेतं आहेत. एका शेतात पीक उभं आहे. शेजारच्या शेतात गुडघ्याएवढं गवत आहे, मध्येच काटेरी झुडपं, कोपऱ्यात दगडांचा ढीग. तू लगेच म्हणशील, हे दुसरं शेत कुणाचंच नाही. थांब जरा. ज्याचं पहिलं शेत, त्याचंच दुसरं. उतारावरची माती पातळ असते, चार वर्षं पीक देते आणि थकते. मग तिला चार वर्षं निजू द्यायचं. गवत वाढतं, कुजतं, माती पुन्हा काळी होते. ह्या निजण्याला तिथले लोक 'पड' म्हणतात. यंदा वरचा तुकडा पड टाकलाय, असं बोलतात. आता त्याच शब्दातल्या 'ड'ला दुसरी वेलांटी दे आणि पुढे एक 'क' ठेव. पडीक. पडीक म्हणजे कुणालाच नको असलेली जमीन. दोन्ही शब्दांत एका श्वासाचंही अंतर नाही. एक ह्या मुठीत धर, एक त्या मुठीत, आणि मुठी न उघडता माझ्याबरोबर एका मोठ्या शहरातल्या खोलीत ये. तिथे एक बाई कागदांतून टाचण्या काढत बसली आहे.

तिचं वय पंचावन्न. जमिनींच्या जुन्या कागदांचे फोटो काढून ठेवायचं काम त्या दप्तरखान्यात तीन वर्षं चालू होतं आणि त्यातली पहिली पायरी तिची होती. गठ्ठा सोडायचा, धूळ झटकायची, गंजलेल्या टाचण्या कागद न फाडता काढायच्या, दुमडलेले कोपरे बोटाने सरळ करायचे आणि कागद कॅमेऱ्याखालच्या काचेकडे सरकवायचा. सगळे तिला टाचणीबाई म्हणत. दिवसाकाठी तिच्या डबीत मूठभर टाचण्या साठत, बोटांची टोकं तांबूस होत, आणि संध्याकाळी घरी जेवायला बसली की पहिल्या घासाला लोखंडाची चव लागे. शेजारच्या टेबलावर शिक्केवाला बसायचा. त्याच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. फोटो झालेल्या कागदाच्या पाठीवर तो शिक्का मारायचा आणि दर दोन दिवसांनी एकच विनोद करायचा, की आपल्या खात्यात माणूस मेलेला चालतो, कागद मरता कामा नये. ती प्रत्येक वेळी हसायची. विनोद शिळा होता, पण माणूस चांगला होता. त्या मंगळवारीही ती हसली, हसता हसता पुढच्या गठ्ठ्याची नाडी सोडली, वरच्या कागदाची टाचणी नखाने उचकटली, आणि टेकडीचं नाव वाचलं. तिच्याच टेकडीचं.

तीन वर्षं ती ह्या एका कागदाची वाट पाहत होती. खरं म्हणजे नोकरी धरली तीच त्यासाठी. तिचा धाकटा भाऊ गावी होता, आणि त्याच्याबरोबर बेचाळीस घरं गेली सेहेचाळीस वर्षं एकच गोष्ट सांगत होती: मोजणीदार आला, झाडाखाली बसला, टेकडीवर कुणालाही न विचारता सगळी शेतं पडीक म्हणून लिहून गेला. जागेवर जाऊन तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय अशी नोंद करता येत नाही, असा नियम होता. म्हणून नोंदच खोटी, आणि नोंद खोटी तर त्यानंतरचं सगळंच खोटं: सरकारने जमीन ताब्यात घेणं, कागदाच्या कारखान्याला झाडं लावायला देणं, गवतात उभ्या राहिलेल्या माणसांना उचलून खाली आणून सोडणं. मोर्चे झाले, अर्ज झाले. तीन वकील म्हातारे झाले, आता चौथी वकीलबाई होती. तिने सांगितलं होतं की चौकशीचा मूळ कागद मिळाला तर बरं, आणि तो कोरा मिळाला तर फारच बरं. धाकटा फोनवर विचारायचा, "ताई, टाचण्यांत काही सापडलं का?" आणि ती म्हणायची, सापडेल. येत्या सोमवारी शेवटची सुनावणी होती.

कागद कोरा नव्हता. पिवळ्या पानावर बारीक तिरक्या अक्षरांत पाच ओळी होत्या. तिने त्या वाचल्या, आणि आपण वाचत नसून कुणीतरी मागून वाचून दाखवतंय असं तिला वाटलं. जागेवर चौकशी केली. वस्तीतील मोठी माणसे कामावर गेलेली. एक मुलगी, वय अंदाजे नऊ, चौथीत शिकणारी, हजर होती. विचारले असता तिने सांगितले की ही जमीन पडीक आहे. आणि त्या शेवटच्या शब्दात 'ड'वर आधी पहिली वेलांटी होती, ती खोडून नंतर दुसरी काढलेली होती. खोडलेल्या जागी शाई जाड झाली होती. तिने तिथे बोट ठेवलं. शाईचा फुगवटा बोटाला लागला, की तिला तसं वाटलं. इतक्या जुन्या शाईला फुगवटा राहत नसतो. शिक्केवाल्याने विचारलं, काय, कागद चावला की काय. ती म्हणाली, टाचणी लागली. मग तिने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. कागद काचेकडे सरकवण्याऐवजी तिने तो मांडीवर ओढला, डब्याच्या पिशवीत घातला, आणि पुढचा कागद घेतला.

घरी जाताना बसमध्ये तिला जागा मिळाली. पिशवी पोटाशी धरून ती खिडकीबाहेर बघत बसली. दुकानांच्या पाट्या एकामागून एक जात होत्या आणि प्रत्येक पाटीवरच्या वेलांट्या तिला आधी दिसत होत्या, शब्द नंतर. चौथीच्या वर्गात गुरुजींनी वेलांट्या शिकवल्या तो दिवस तिला आठवत होता, म्हणजे आठवत आहे हे आता कळत होतं. शब्दाच्या शेवटी साधं अक्षर असेल तर त्याआधीची वेलांटी दुसरी. गरीब. वकील. जमीन. गुरुजी एकेक शब्द फळ्यावर लिहीत आणि मुलं ओरडून सांगत, दुसरी, दुसरी. मग जमिनीचे प्रकार आले: ओलिताची, कोरडवाहू आणि पडीक. तिने हात वर केला आणि म्हणाली, गुरुजी, आमच्याकडे पड म्हणतात. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनी खडू खाली ठेवला आणि हसत म्हणाले, पड म्हणजे काय गं, कुणाला पडायला सांगतेस का? आणि शेजारच्या मुलाकडे वळून म्हणाले, तू पड रे. तो मुलगा बाकावरून खरोखर खाली पडला. सगळा वर्ग हसला, तीही हसली, सगळ्यांत जास्त तीच हसली. हसताना कानाच्या पाळ्या गरम झालेल्या होत्या. बाबा रोज वापरायचे तो शब्द, आई वापरायची तो शब्द, वस्तीतल्या प्रत्येक तोंडातला शब्द. वर्ग सुटेपर्यंत तो इतका हलका झाला होता की तिला तो पुन्हा तोंडात घ्यावासा वाटेना. त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी खालचा तुकडा पड टाकू, आणि तिने मान वर न करता सांगितलं, बाबा, पडीक म्हणायचं असतं. बाबा कौतुकाने आईकडे बघून म्हणाले, ऐकलंस, लेक आता आपल्याला बोलायला शिकवणार. वस्तीतून शाळेत जाणारी ती एकटी मुलगी होती.

घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. तिने कागद कपाटात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवला आणि वर दोन चादरी रचल्या. मग पलंगाच्या कडेला बसून राहिली. चोरी केली असं काही वाटत नव्हतं. उलट काहीतरी जागेवर ठेवल्यासारखं वाटत होतं. कागद नाही, म्हणजे चौकशी झाली नाही. चौकशी झाली नाही, म्हणजे ती मुलगी तिथे नव्हती. किती सोपं होतं हे. एवढ्या वर्षांत तिने स्वतः जे करायचा प्रयत्न केला तेच एका चादरीने झालं. मोजणीदाराला आपणच सांगितलं हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही, बाळा, आणि ठाऊक होतं असंही नाही. गप्प बसणं एकदम होत नसतं. पहिल्या दिवशी मोठ्या माणसांनी विचारलं, कुणी सांगितलं रे त्याला हे, आणि मुलीला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी आई रडत होती, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी लोकांना उत्तर सापडलं होतं. मग उत्तर सापडल्यावर कोण कशाला हात वर करील?

उत्तर होतं काका. बाबांचा थोरला भाऊ. बाहेर अर्जांत कुणालाच विचारलं नाही असं लिहीत, वस्तीत मात्र आपापसांत त्याचंच नाव घेत. पायाला जखम झाली म्हणून त्या दिवशी तो कामावर गेला नव्हता, आणि मोजणीदाराला त्याने तांब्याभर पाणी दिलेलं एका म्हातारीने लांबून पाहिलं होतं. एवढं पुरलं. त्याचं नाव पाणक्या पडलं. पोरं त्याच्या दारावरून जाताना घशातून घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज काढत. बाबा आणि तो, दोघांच्या घरांत एकच भिंत होती. एकाकडे भांडं पडलं तर दुसऱ्याकडे आवाज येई. पण बाबा एकोणीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, त्याच्याशी बोलले नाहीत. काका एकदाच काय ते बोलला, सगळ्यांसमोर. तहानलेल्याला पाणी दिलं, म्हणाला, जमीन नाही दिली. त्यावर कुणीतरी म्हणालं, पाण्याबरोबर काय काय वाहून गेलं ते आम्हाला दिसतंय. लोक हसले. हसणाऱ्यांत ती होती का, हे तिला आठवेना. असावी. ती हसणारी मुलगी होती.

शनिवारी धाकटा आला. त्याच्या बुटांना पॉलिश होतं, चेहरा मात्र वाळून बारीक झाला होता. आल्या आल्या त्याने नळ सोडला, नळातून फुसकारा आला, आणि तो म्हणाला, "तुमच्या शहरातलं पाणीसुद्धा पड टाकलेलं दिसतंय, ताई." ती हसली आणि दुसऱ्या खोलीत गेली. तो मागून बोलतच होता. लोक आता थकलेत, म्हणाला. बेचाळीस घरांतली नऊ घरं बंद आहेत. तरणी माणसं कारखान्याच्याच झाडांना पाणी घालायला जातात, आपल्याच उतारावर, रांगेत उभी राहून. झाडं सरळ, एका मापाची, खाली गवताचं पातं उगवत नाही. चालताना पायाखाली पानं कुरकुरतात, आणि कुणाचं शेत कुठे होतं ते आता फक्त त्याला आणि आणखी दोघांना सांगता येतं. तो आणि ते दोघं महिन्यातून एकदा झाडांमधून चालत जातात आणि मोठ्याने म्हणत जातात, हे अमक्याचं, हे तमक्याचं, नाहीतर विसरायला होतं. पहारेकरी त्यांना वेडे समजतो आणि सोडून देतो. सोमवारी जमीन मिळाली तर आधी काय पेरायचं, ह्यावर वस्तीत भांडणं चालू आहेत, असं सांगताना तो हसला, आणि मग त्याने विचारलं, दप्तरखान्यात काही मिळालं का. तिने पाठमोरं राहूनच सांगितलं, नाही. कपाट तिच्या उजव्या हाताला होतं. चादरीच्या घडीचं टोक बाहेर आलेलं तिला दिसलं, तिने ते आत ढकललं. तो म्हणाला, चला, नाही मिळालं तेच बरं. न मिळालेला कागद आपल्या बाजूचा.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि लहान होती. वस्तीतले अकरा जण आले होते, त्यांतले चारच आत मावले, शिवाय ती आणि धाकटा. अधिकारी पोटाचा त्रास असल्यासारखा अधूनमधून टेबलाच्या कडेला रेलत होता. पण त्याने सगळ्यांना बसायला सांगितलं, आणि ज्यांना खुर्ची नव्हती त्यांच्यासाठी बाक मागवला. तो माणूस वाईट नव्हता हे मी मुद्दाम सांगतोय. वकीलबाईंनी सांगितलं, चौकशीचा कागद दप्तरखान्यात नाही, तसं खात्याने लेखी कळवलं आहे. कारखान्याच्या वकिलाने फाईल उघडली, एक कागद काढला आणि पुढे केला. त्याच चौकशीची नक्कल, अडतीस वर्षांपूर्वी खात्याकडूनच घेतलेली. त्याने ती वाचून दाखवायला सुरुवात केली. जागेवर चौकशी केली. वस्तीतील मोठी माणसे. एक मुलगी, वय अंदाजे नऊ. तिला वाटलं, आपण चादरीखाली काय ठेवलंय ते सगळ्यांना भिंतीपलीकडून दिसतंय. वकीलबाई पटकन उभ्या राहिल्या. मूळ कागद नाही तर ही नक्कल खरी कशावरून, त्यांनी विचारलं, आणि अशी मुलगी होती तरी कशावरून? मोजणीदाराने झाडाखाली बसून माणसं रचली. अधिकाऱ्याने चष्मा काढला. प्रश्न बरोबर आहे, म्हणाला, आणि क्षणभर त्या खोलीत काहीतरी हललं, एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याचं मनगट धरलं. अधिकाऱ्याने बाकावरच्या लोकांकडे पाहिलं आणि साध्या आवाजात विचारलं, "तेव्हा तुमच्या वस्तीत शाळेत जाणारी मुलगी होती का कुणी?"

बाकावरच्या त्या चौघांना ती मुलगी ठाऊक होती. तिने पहिली पाटी मिरवत आणली तेव्हा ह्याच म्हाताऱ्याने तिला खांद्यावर घेतलं होतं. त्याने हळूच तिच्याकडे मान वळवली, आणि मान वळवताना त्याच्या डोळ्यांत आधी नुसती ओळख होती, मग दुसरं काहीतरी आलं. बोलायचं होतं तर आता. हात वर करायचा, एवढंच. वर्गात करतात तसा. धाकटा उभा राहिला. तो अधिकाऱ्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. तो म्हणाला, "नाही साहेब. आमच्या वस्तीतली एकही मुलगी तेव्हा शाळेत जात नव्हती." अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. तिने ते लिहिलं जाताना पाहिलं. तिची पाटी, फळ्यावरचे शब्द, दुसरी वेलांटी, हात वर करणं, सगळं एका ओळीत नाहीसं झालं, आणि ती गप्प बसली. पुन्हा.

आणि त्याचाही उपयोग झाला नाही. अधिकाऱ्याने पेन ठेवलं. म्हणाला, मुलगी असो वा नसो, चौकशी खरी असो वा खोटी, मला आता तिकडे जाताच येत नाही. नोंद जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत हरकत घ्यायची होती, ती पाच महिन्यांनी घेतली गेली. वकीलबाई म्हणाल्या, ती जाहीर नोटीस इथल्या कचेरीच्या फळ्यावर लावली होती, टेकडीपासून दीड दिवसाच्या अंतरावर. अधिकारी म्हणाला, मला माहीत आहे. तुमच्या आधीच्या तिन्ही वकिलांनीही हेच सांगितलं, आणि आधीच्या तिन्ही अधिकाऱ्यांनी मी आता देतोय तेच उत्तर दिलं असणार. ह्यापुढे ह्या विषयावर अर्ज घेतला जाणार नाही, असं त्याने सांगून लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता लोकांना म्हणाला, जिना जपून उतरा, एक पायरी तुटलेली आहे.

लोक जिना उतरले. तुटकी पायरी आली तेव्हा प्रत्येकाने मागच्याला हात दिला. बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि घराकडे जाणारी बस कुठून सुटते ते विचारलं. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही, पण जाताना डोक्यावर हात ठेवून गेला, आणि तो हात तिला डोक्यावर बराच वेळ जाणवत राहिला, ओझ्यासारखा. सगळे गेल्यावर ती आणि धाकटा कचेरीच्या आवाराच्या कठड्यावर बसले. समोर दुचाक्या लावल्या होत्या, एकीच्या सीटवर कावळा बसून रबर टोचत होता. कधीपासून माहीत होतं तुला, तिने विचारलं. तो म्हणाला, काका जायच्या आधल्या महिन्यात. त्याला भरवायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून धाकटा जायचा, बाबांनंतर. तेव्हा काकाने सांगितलं. त्याने त्या दिवशी दारातून पाहिलं होतं, मोजणीदार वही धरून उभा आहे आणि ती त्याच्या कोपराशी वाकून वहीत काहीतरी दाखवतेय. मग का नाही बोलला तो, तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच लांबून आला. धाकट्याने बुटाच्या टोकाने एक खडा ढकलला. "मीही तेच विचारलं. तर म्हणाला, पोरीचा एक शब्द चुकला, म्हणून काय तिला जन्मभर कोपऱ्यात उभं करायचं? आणि पाणी तर मी पाजलंच होतं." मग तो म्हणाला की काका हे सांगताना हसत होता, आणि तोंडातली पेज बाहेर येत होती ती तो पुसत होता.

तिला वाटलं होतं, कळलं तर रडू येईल. रडू आलं नाही. एकोणीस वर्षं एका भिंतीपलीकडे एक माणूस तिच्याऐवजी कोपऱ्यात उभा होता, आणि भिंतीच्या अलीकडे ती त्याला चिडवणाऱ्या पोरांच्या आवाजाला हसत, अभ्यास करत, पुस्तकं घेऊन शहरात जायची तयारी करत वाढली. त्याची मुलं तो टोमणा ऐकवेना म्हणून गाव सोडून गेली, ती कुठे आहेत कुणाला माहीत नाही. आता कुणाकडे जाऊन सांगायचं? बाबा नाहीत. काका नाही. टेकडी आहे, पण तिच्यावर दुसऱ्यांची झाडं आहेत, आणि झाडांना कुठे भाषा कळते.

धाकटा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. गाडी सुटायला वेळ होता. त्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि म्हणाला, ताई, एक विचारू? रात्रभर डोक्यात आहे. मग तिच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघत त्याने विचारलं, "त्याने आपल्या एका तुकड्याचंच विचारलं असणार ना तुला? बाकीचे एक्केचाळीस त्यानेच मनाने लिहिले असणार?" त्याच्या आवाजात अजून थोडी जागा होती. माणूस सगळं हरल्यावरसुद्धा कुठेतरी टेकायला एवढी जागा ठेवतो. तिने मान हलवली. ते हो होतं की नाही, हे तिलाही सांगता आलं नसतं. गाडी हलली आणि त्याने ते हो धरलं.

ती तिथून थेट कामावर गेली. सकाळीच चादरीखालून काढून पिशवीत घातलेला कागद बाहेर काढला, त्याच गठ्ठ्यात घातला, आणि चहानंतर तो गठ्ठा पुन्हा सोडला. कागद कॅमेऱ्याखाली गेला, दिवा लागला, विझला. शिक्केवाल्याने मागे शिक्का मारला आणि म्हणाला, "हा आता मरत नाही." ती ह्या वेळी हसली नाही. कागद परत आला तेव्हा तो रचण्याआधी तिने एकदा त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि पाच ओळींत जे नव्हतं ते तिला दिसू लागलं.

बाळा, आता शेवटचं, आणि हे तुलाच सांगतोय. दुपार होती. मोजणीदाराने विचारलं होतं, मुली, ह्या जमिनीला काय म्हणायचं? त्याला खरंच माहीत नव्हतं. मुलीच्या तोंडात आधी बाबांचा शब्द आला, तो तिने गिळला, आणि पाठ सरळ करून शाळेतला शब्द सांगितला. त्याने तो लिहिला. तिने वाकून वाचला आणि सांगितलं, साहेब, वेलांटी दुसरी हवी. त्याने खोडून दुरुस्त केली, तिची पाठ थोपटली, म्हणाला, शाबास, तुझ्यासारखी हुशार पोर मी ह्या भागात पाहिली नाही. मग त्याने कपाळावरचा घाम पुसला, वही मिटली, पेनाला टोपण लावलं. ऊन फार होतं, चढ उभा होता, त्याला परत जायचं होतं. एका शेताची नोंद झाली होती आणि तो वळला होता. मुलगी क्षणभर उभी राहिली. एवढ्यात संपलं हे तिला आवडलं नाही. मग ती धावत त्याच्या पुढे गेली, वाटेत आडवी उभी राहिली, आणि टेकडीच्या माथ्याकडे हात करून म्हणाली, थांबा ना साहेब, वर अजून खूप आहेत, चला, मी तुम्हाला सगळी दाखवते.